नाल्याच्या पाण्यावरची पालेभाजी : या चुका टाळा

मुंबईत रुळांच्या कडेला पालक, लाल माठ, मुळा पिकतो तो बऱ्याचदा शेजारच्या नाल्यावर. या पाण्यात दोन वेगळे दोष असतात. एक मैल्यातले जंतू आणि जंतांची अंडी, दुसरा शिसं-कॅडमियमसारखे धातू. पहिल्यावर इलाज आहे. दुसऱ्यापुढे धुणं-उकळणं चालत नाही, कारण धातू मुळांतून चढून पानाच्या आत बसलेला असतो.

पाणी नितळ दिसतं म्हणून नमुना न तपासणं ही पहिली चूक. जंतूंचा नमुना प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून सहा तासांत पोचवा. धातूंसाठी वेगळी बाटली मागा. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये घातलेली मर्यादा १०० मिलीमागे १००० मैलाजन्य कोलिफॉर्म जंतूंची होती.

पंपाचा फुटव्हॉल्व, म्हणजे पाणी ओढणाऱ्या नळीच्या टोकाची झडप, तळाशी टेकवू नका. अंडी आणि बराचसा धातू गाळातच असतो, आणि पंप नेमका तोच ओढतो. रिकाम्या बंद कॅनला बांधून व्हॉल्व पृष्ठभागाखाली फूटभर लटकवा. पाणी टाकीत दोन दिवस न ढवळता ठेवलं, की जड अंडी बरीच खाली बसतात. मग वरचंच पाणी सरीतून बुंध्याशी सोडा. झारीने पानांवर शिंपडलंत तर केलेली मेहनत वाया. नाल्याच्या पाण्यात थेट ब्लीचिंग पावडर टाकणंही फुकट, तिचा क्लोरीन तिथली घाणच खाऊन टाकते.

पानांच्या कडा करपल्या की लोक युरिया टाकतात. खाडीलगतच्या नाल्यात मात्र आधी भरती पाहा, खारं पाणी वर चढतं. ईसी, म्हणजे खारेपणा दाखवणारी पाण्याची विद्युतवाहकता, मीटरमागे ०.७ डेसीसायमन्सपर्यंत ठीक, ३ च्या वर गेला तर पंप बंद. ओहोटी चांगली उतरल्यावर पुन्हा मोजा.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे काढलेल्या जुड्या त्याच नाल्यात बुडवून ताज्या करणं. महिनाभराची काळजी इथे एका बुचकळीत जाते. जुडी पिण्याच्या पाण्यातच धुवा. हवं तर १० लिटरमध्ये ४ टक्क्यांचं, बिनवासाचं सोडियम हायपोक्लोराइट १२ मिली घालून पाच मिनिटं बुडवा, मग स्वच्छ पाण्याने खळबळा.

अहवालात धातू जास्त निघाले तर त्या वाफ्यात पालेभाजी नकोच. चुना टाकून आम्ल माती सुधारली तर कॅडमियमचं शोषण घटतं, थांबत नाही. तिथे झेंडू लावा.