जामीनदार म्हणून सही करावी का? नीतिसूत्रे उघडून निर्णय घेण्याची रीत

इस्राएल लोकांच्या निवासमंडपाचे (देवाच्या उपासनेच्या तंबूचे) काम करणाऱ्या बसालेल या कारागिराला देवाने सोने-चांदीची घडण, रत्ने बसवणे आणि लाकडावरचे कोरीवकाम यांचे जे कसब दिले, त्याला बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात मूळ इब्रीत 'खोखमा' म्हटले आहे. बायबलमधल्याच नीतिसूत्रे या पुस्तकात शहाणपणासाठी हाच शब्द येतो. म्हणजे बायबलमधले शहाणपण हे हातोटीसारखे आहे, आणि हातोटी नुसत्या वाचनाने येत नाही, हाताखालून काम गेले की येते.

नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत, म्हणून तारखेप्रमाणे रोज एक वाचण्याची पद्धत सोयीची पडते. पहिले नऊ अध्याय सलग उपदेशाचे आहेत, त्यांतला रोजचा अध्याय एका दमात वाचावा. दहाव्यापासून बहुतेक ओव्या (वचने) सुट्या आहेत. तिथून रोज एकच ओवी वहीत हाताने उतरवा, खाली 'आज ही कोणाशी वागताना लागेल' ते लिहा आणि एक ओळ रात्रीसाठी कोरी सोडा. दहा ओव्या उतरवल्या तर एकही लक्षात राहत नाही.

आता खरे काम. रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतला एक भाऊ म्हणतो, "पतसंस्थेचं कर्ज घेतोय, फक्त तुमची सही हवी." तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणू नका. ऐकून घेण्याआधी उत्तर देणे हा मूर्खपणा, असे नीतिसूत्रे १८:१३ (अध्याय १८, ओवी १३) सांगते. मात्र ३:२८ म्हणते, जवळ असताना शेजाऱ्याला 'उद्या ये' म्हणू नको. म्हणून वार ठरवून सांगा, "बुधवारी संध्याकाळी कळवतो," आणि बुधवारी कळवाच.

मधल्या दिवसांत आधी प्रार्थना करा. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात, १:५ प्रमाणे, शहाणपण मागायचे असते, पण मागताना आपला कल लपवू नका. 'नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील' ही भीती असेल तर तीही देवापुढे मांडा. राजा शलमोनाने गिबोन इथे देवाकडे शहाणपण मागितले, तेही मूळ इब्रीत शब्दशः 'ऐकणारे हृदय' होते.

मग कागद मागा: मुद्दल किती, व्याज किती, हप्ते किती, आधीचे कर्ज आहे का, दुसरा जामीनदार कोण. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे करारात वेगळे लिहिलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' असे सहसा म्हणता येत नाही. 'फक्त सही' अशी काही गोष्टच नाही.

यानंतर दोन्ही बाजूंच्या ओव्या समोरासमोर ठेवा. ६:१-५, ११:१५ आणि १७:१८ जामीन राहण्याविरुद्ध बजावतात. २२:२६-२७ तर अंगाखालचे अंथरूणही जाईल म्हणते. दुसरीकडे ३:२७ हाती असलेले चांगले अडवून धरू नको म्हणते, आणि १९:१७ प्रमाणे गरिबाला देणारा परमेश्वराला उसने देतो. एकत्र वाचल्यावर फरक दिसतो: औदार्य हातातल्या पैशाचे असते, इशारा हातात नसलेल्या पैशाच्या वचनाविषयी आहे. तेव्हा हिशेब करा. सगळी थकबाकी अंगावर आली तर मुलांची फी आणि घरखर्च न थांबवता फेडता येईल का? येत नसेल तर सही नाकारा आणि झेपेल तेवढी रक्कम परत न मागण्याच्या तयारीने द्या. नकार निरोपाने पाठवू नका. स्वतः भेटून मऊ शब्दांत सांगा (१५:१).

सही आधीच झाली असेल तर सहाव्या अध्यायाचा सल्ला घाई करण्याचा आहे, डोळ्याला डोळा लागू देऊ नको. कर्जदाराला गाठा, हप्त्यांच्या पावत्या पाहा, संस्थेत जाऊन बाकी लेखी मागा.

सल्ला दोघा-तिघांचा घ्या (१५:२२). त्यात नवरा किंवा बायको हवीच, आणि एक जण असा हवा ज्याला या व्यवहारात काही मिळायचे नाही. इथे बहुतेक जण चुकतात: आपल्या सोयीची बाजू सांगतात आणि मिळालेल्या होकाराला सल्ला समजतात. १८:१७ नेमके यावरच आहे, पहिला बोलतो तो दुसरा येऊन तपासेपर्यंत खराच वाटतो.

डोळे मिटून बायबल उघडणे आणि बोट पडेल ती ओवी घेणे, ही रीत टाळा. २६:४ म्हणते मूर्खाला उत्तर देऊ नको, २६:५ म्हणते दे. बोट कुठे पडले यावर निर्णय उलटेल. सूत्र प्रसंग ओळखून लावायचे असते. बायबलमधल्या ईयोबाच्या, म्हणजे दोष नसताना संकटे सोसणाऱ्या माणसाच्या, मित्रांची कितीतरी वाक्ये एरवी खरी होती, तरी ती चुकीच्या माणसाला लावली, आणि ईयोब ४२:७ मध्ये देव त्यांच्यावर रागावतो. 'देवानं मला सांगितलंय' म्हणून घरच्यांचे तोंड बंद करणेही तसेच घातक, कारण याकोब ३:१७ प्रमाणे वरून येणारे ज्ञान सौम्य आणि समजावून घेणारे असते.

निर्णय झाला की तारीख, कारणे आणि वापरलेल्या ओव्या वहीत लिहा. तीन महिन्यांनी ते पान उघडून पाहा: कुठली माहिती विचारायची राहिली होती, कोणाचे ऐकायला हवे होते. ते त्याच पानाखाली लिहून ठेवा.