पाठदुखी असेल तर गाडीत झोपायची सोय कशी निवडायची

गादी नंतर बघा, आधी खालची जागा सपाट होतेय का ते बघा. मागची सीट फोल्ड केली की बहुतेक गाड्यांत थोडा उतार राहतो आणि मधे एक खाच पडते, आणि रात्रभर कंबर नेमकी त्याच खाचेत जाते. तिथे घडी घातलेली चादर ठासून भरा किंवा वरून प्लायवूड टाका, मग हात फिरवून बघा कुठे खड्डा लागतोय का.

गादी फार मऊ नको आणि फळीसारखी कडकही नको. कुशीवर झोपणाऱ्यांना ८-१० सेंटीमीटर मिडियम फर्म फोम बरा पडतो, कारण खांदा आणि कमरेचं हाड थोडं आत जायला हवं. नुसती हवेची गादी मला पटत नाही, रात्री थंडी वाढली की हवा आकसते आणि पहाटे मधेच झोळ पडलेला असतो. फोम आणि हवा दोन्ही असलेली सेल्फ इन्फ्लेटिंग (झडप उघडली की आपोआप हवा भरणारी) गादी घेतली तर जागा कमी लागते.

कुशीवर झोपलात तर गुडघ्यांमधे उशी, उताणे झोपलात तर गुडघ्यांखाली, हे खरंच कराच.

आणि उठायचं कसं तेही बघा ना, छत खूप खाली असेल तर वाकून सरपटत बाहेर यावं लागतं, तिथेच पाठ धरते. कुशीवर वळून, पाय बाहेर सोडून, हाताने रेटा देत उठता आलं पाहिजे. निघायच्या आधी घराजवळच एक रात्र गाडीत झोपून बघा, काच थोडी उघडी ठेवून. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल तर आधी डॉक्टर, गादी नंतर.