ऊसतोड कुटुंबांसाठी संपर्काचे ॲप कसे आखावे

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जाणारी जोडपी पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात आणि त्यांची मुले अनेकदा गावी आजी-आजोबांकडे असतात. म्हणून ॲप आखताना आधी या दोन्ही टोकांचा दिवस समजून घ्यावा. तोडणी पहाटेच सुरू होते, गाडी भरायला रात्रही होते, त्यामुळे दोघांनीही एकाच वेळी मोकळे असावे लागणारा व्हिडिओ कॉल येथे पायाभूत मानू नये.

पाया ध्वनिसंदेशाचा असावा. ऑपस या मुक्त कोडेकमध्ये, म्हणजे आवाज कमी जागेत साठवण्याच्या पद्धतीत, सेकंदाला १६ किलोबिट दराने बोलणे स्पष्ट ऐकू येते आणि मिनिटभराचा संदेश सुमारे १२० किलोबाइटमध्ये मावतो. तो आधी फोनमध्येच साठवावा, रेंज मिळताच आपोआप जावा, आणि पोहोचल्यावर इंटरनेटशिवाय कितीही वेळा ऐकता यावा, कारण लहान मूल आईचा आवाज एकदा ऐकून थांबत नाही. वाचता न येणाऱ्या आजीसाठी नावांऐवजी माणसांचे फोटो ठेवावेत. बटण दाबून धरायला लावण्यापेक्षा एका स्पर्शाने ध्वनिमुद्रण सुरू व्हावे व दुसऱ्याने थांबावे.

‘शेवटचे कधी दिसले’ ही नोंद माझ्या मते सरळ वगळावी. तिने जवळीक नव्हे, काळजी वाढते. घरात फोन एकच असेल हे गृहीत धरून, वयात आलेल्या मुलीला आईशी खासगी बोलता यावे यासाठी तिच्या संदेशांना वेगळे चित्र-कुलूप द्यावे. चाचणी दसऱ्याआधी, माणसे गावी असतानाच आणि त्यांच्याच जुन्या फोनवर घ्यावी.