एक एकर, पंचवीस घरं: सभासदांच्या भरवशावर सेंद्रिय भाजीची शेती कशी सुरू करायची

बियाणं आणायच्या आधी घरं शोधा. हे सगळ्यात पहिलं सांगतोय कारण बहुतेक जण उलटं करतात, आधी शेत तयार करतात, वांगी टोमॅटो लावतात, माल हातात आला की व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून गिऱ्हाईक शोधायला लागतात, आणि भाजी काही थांबत नाही, पालेभाजी दुसऱ्या दिवशी मान टाकते, मग शेवटी सगळं मार्केट यार्डात मिळेल त्या भावाला द्यायचं आणि तिथे सेंद्रिय आहे का फवारलेली आहे हे कोणी विचारत पण नाही. तीन वर्षं जमिनीची काळजी घेतलेल्या माणसाला तो भाव बघून काय वाटत असेल ते मी जवळून बघितलंय. म्हणून पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे, खाणारी माणसं आधी पक्की करायची, त्यांच्याकडून पैसे आधी घ्यायचे आणि मग त्यांच्यासाठी पेरायचं.

ही कल्पना नवीन नाहीये. जपानमध्ये 1970 च्या दशकात शहरातल्या आयांनी शेतकऱ्यांशी थेट करार करून बिनफवारणीचं अन्न घ्यायला सुरुवात केली, त्याला तिकडे तेइकेई म्हणतात, आणि अमेरिकेत 1986 च्या सुमाराला अशी पहिली शेतं सुरू झाली. आपल्याकडे एक मोठा अडथळा होता तो पण गेलाय, 2016 साली महाराष्ट्र सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, त्यामुळे शेतकऱ्याने थेट सोसायटीत नेऊन विकायला काही आडकाठी नाही.

आमचं शेत पुरंदर तालुक्यात, सासवडच्या बाजूला, आणि भाजी जाते पुण्यात हडपसर-कोंढव्याकडे, म्हणून उदाहरणं तिकडचीच देतो. तुम्ही कोकणात किंवा विदर्भात असाल तर पिकं आणि तारखा बदलतील, हिशोब तोच राहील.

पहिल्या वर्षी एक एकराला 25 घरं बास. चौघांच्या घराला आठवड्याला साधारण 5 किलो भाजी लागते, म्हणजे आठवड्याला सव्वाशे किलो, आणि ती पण आठ प्रकारची. हा आकडा छोटा वाटतो पण दर आठवड्याला, वर्षभर, न चुकता सव्वाशे किलो काढणं हे नव्या माणसाला पुरेसं काम आहे. घरं कुठे शोधायची तर वेगवेगळ्या वीस ठिकाणी अजिबात नको, दोन किंवा जास्तीत जास्त तीन सोसायट्या धरा. एखादी ओळखीची ताई किंवा काका तिथे असतील तर त्यांच्याकरवी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये दहा-पंधरा लोकांना बोलवा आणि समोरासमोर बोला, फॉरवर्डवर कोणी पैसे भरत नाही.

बोलताना दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्या, कितीही अवघड वाटलं तरी. एक म्हणजे मनाला येईल ती भाजी मिळणार नाही, त्या आठवड्यात शेतात जे आहे ते मिळणार, डिसेंबरात फ्लॉवर येईल आणि मे महिन्यात येणार नाही. आणि दुसरं, गारपीट झाली, पाऊस लागून राहिला, तर पिशवी हलकी होईल आणि तो तोटा आपण सगळ्यांनी मिळून सोसायचा, तसंच वांगी बदाबदा आली तर जादाची भाजी पण तुमचीच. हे ऐकून काही लोक उठून जातात, जाऊ द्या. जे थांबतात ते वर्षानुवर्षं राहतात.

पैसे तीन महिन्यांचे आगाऊ. समजा आठवड्याची पिशवी 450 रुपयांची ठरवली तर 13 आठवड्यांचे 5,850, आणि 25 घरांचे 1,46,250 रुपये पेरणीच्या आधी हातात येतात, ह्यातूनच बी, खत, मजुरी निघते, सावकार किंवा पीककर्जाकडे बघायची वेळ कमी येते. महिन्याला भरू का असं विचारणारे असतात, घरची अडचण असेल तर दोन हप्ते करून द्या पण आठवड्याच्या आठवड्याला रोख घ्यायची सवय लावू नका, कारण मग ते सभासद न राहता गिऱ्हाईक होतात आणि पाऊस पडला की येत नाहीत. तिमाहीत दोन आठवडे सुट्टी घ्यायची मुभा ठेवा, चार दिवस आधी कळवायचं एवढी अट. दिवाळीत आणि मे महिन्यात अर्धी सोसायटी गावाला जाते हे धरूनच चाला.

आता जमीन. स्वतःच्या नावावर सातबारा असेल तर प्रश्नच नाही, पण महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे शहरातून येऊन हे करायचं असेल तर एखाद्या शेतकऱ्याबरोबर भागीत करा, आणि ठरलेलं सगळं कागदावर लिहून घ्या, निदान तीन वर्षांसाठी, कारण माती सुधारायला तेवढा वेळ लागतो आणि दुसऱ्या वर्षी मालकाने जमीन परत मागितली तर सगळे कष्ट त्याच्या बांधात राहतात. विहीर मात्र मे महिन्यात बघायला जा. पावसाळ्यानंतर प्रत्येक विहिरीला पाणी असतं, पुरंदरसारख्या कमी पावसाच्या भागात तर मे मधलं पाणीच खरं. ठिबक शिवाय विचारच करू नका, अनुदानासाठी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो.

शेजारी रासायनिक शेती करत असेल, आणि बहुधा करतच असेल, तर वाद घालू नका, बांधाच्या आत दहा-बारा फुटांची पट्टी सोडा आणि तिच्यात शेवगा, गिरीपुष्प, तूर, मका असं उंच काहीतरी लावा, फवारा त्याच्यावर अडतो. वरच्या शेतातून पाणी उतरत असेल तर चर खणून ते बाजूने काढा.

सगळ्यात जास्त डोकं लागतं ते लागवडीच्या नियोजनाला, आणि इथेच ही शेती बाकी शेतीपेक्षा वेगळी पडते. एक एकर मेथी एकदम पेरणं सोपं आहे हो, दर आठवड्याला 25 जुड्या मेथी देणं अवघड आहे. 40 गुंठ्यांपैकी रस्ते, पट्टी, खताचा खड्डा, शेड सोडून 28-30 गुंठे खरे लागवडीला मिळतात. त्यात चार फूट रुंद, अर्धा फूट उंच आणि 30 फूट लांब असे गादीवाफे पाडा, सगळे सारख्या मापाचे, म्हणजे हिशोब तोंडपाठ होतो. असा एक वाफा मेथी म्हणजे साधारण 25-30 जुड्या, म्हणजेच एका आठवड्याची मेथी. म्हणून मेथी दर आठवड्याला एक वाफा पेरायची, ती 25 ते 30 दिवसांत येते, पालक 35-40, कोथिंबीर 40-45. पालक दोन-तीनदा कापता येतो म्हणून तो पंधरा दिवसांनी पेरला तरी चालतो. भेंडी 45-50 दिवसांत सुरू होते आणि मग एक दिवसाआड तोडावीच लागते, 25 घरांना अर्धा किलोप्रमाणे एक गुंठा पुरते, पण दीड महिन्यानंतर दुसरा गुंठा तयार पाहिजे. टोमॅटोची दीडशे रोपं एका वेळी, वांग्याची शंभर, त्याच्या वर नको. कोबी फ्लॉवर गाजर हे एकदाच येऊन संपणारे, त्यांचे वीस-वीस दिवसांच्या अंतराने तीन हप्ते करा.

भिंतीवर मोठा कागद लावा, आडवे 52 आठवडे, उभी पिकं, आणि उलटीकडून भरायला घ्या. म्हणजे कोणत्या आठवड्यात पिशवीत काय पाहिजे ते आधी लिहायचं आणि तिथून मागे मोजत पेरणीची तारीख काढायची. प्रत्येक पिशवीत दोन पालेभाज्या, तीन फळभाज्या, एखादं कंदमूळ किंवा शेंग, आणि मिरची-कोथिंबीर असे आठ प्रकार असावेत, वर थोडा कढीपत्ता. कोथिंबीर नसली तर बाकी सगळं असून पण घरातली बाई खूश नसते, हे लक्षात ठेवा.

कॅलेंडर घेऊन बसाल तेव्हा सण पण बघा, हे कुठल्या कृषी पुस्तकात सापडत नाही. चातुर्मासात बऱ्याच घरांत वांगं आणि कांदा-लसूण बंद असतो, त्यामुळे आषाढी एकादशीपासून वांग्याची तोड कमी ठेवायची आणि चंपाषष्ठीला भरताची वांगी भरपूर येतील अशी लावायची. ऋषिपंचमीला अळू, लाल माठ, दोडका, पडवळ, भोपळा, सुरण, मका लागतो, शहरात त्या दिवशी ह्या भाज्या शोधत फिरावं लागतं, तुम्ही त्याची एकत्र पिशवी दिली तर सभासद ते विसरत नाहीत. भोगीला वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, घेवडा. आणि गौरी-गणपतीच्या आठवड्यात पालेभाजी दुप्पट खपते.

बी शक्यतो गावठी किंवा सुधारित सरळ वाणाचं, म्हणजे संकरित नसलेलं घ्या म्हणजे पुढच्या वर्षी आपलंच धरता येतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना 2020 ला पद्मश्री जाहीर झाली, त्यांचं काम वाचून तरी बघा. वाल, घेवडा, दोडका, दुधी, माठ यांचं बी घरी धरायला सोपं, कोबी फ्लॉवरचं आपल्या हवेत जमत नाही ते विकतच घ्या. दुकानातल्या बियाला गुलाबी-जांभळी पावडर चोळलेली असेल तर ते औषध लावलेलं बी आहे, ते नको, बिनप्रक्रियेचं मागा आणि पेरायच्या आधी बीजामृत (शेण-गोमूत्राचं मिश्रण) किंवा ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) लावा.

मातीसाठी पहिल्याच पावसावर ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं पेरून फुलावर आला की गाडून टाका, साधारण दीड महिना जातो पण पुढे वर्षभर फरक दिसतो. शेणखत एकरी 8-10 टन, आणि पूर्ण कुजलेलंच, कच्च्या शेणाबरोबर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते. जीवामृत म्हणजे मातीतले जीवाणू वाढवणारं द्रावण, त्याचं माप बहुतेकांना माहीत असतं तरी लिहितो, 200 लिटर पाण्यात 10 किलो ताजं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, एक-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन आणि बांधावरची मूठभर माती, सावलीत 48 तास, रोज दोनदा ढवळायचं, आणि आठवड्याभरात वापरून टाकायचं. ठिबकमधून सोडणार असाल तर कापडाने दोनदा गाळा नाहीतर ड्रिपर बसतात. वाफ्यांवर उसाचं पाचट किंवा गवत अंथरलं की तण आणि पाणी दोन्हीची काळजी निम्म्यावर येते.

किडीचं म्हणाल तर रोज सकाळी शेतातून चक्कर मारणं हेच खरं औषध. पानाची मागची बाजू बघायची. पांढरी माशी-मावा यासाठी पिवळे चिकट सापळे, काकडी-दोडक्याच्या फळमाशीला आणि वांग्याच्या शेंडेअळीला कामगंध सापळे (वासाने नर किडे ओढून अडकवणारे), टोमॅटोच्या कडेने झेंडू. 5 टक्के निंबोळी अर्क म्हणजे 5 किलो निंबोळीची भरड 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, 100 लिटर करायचं, संध्याकाळी फवारायचं. वांग्याचे वाळलेले शेंडे अळीसकट खुडून शेताबाहेर पुरायचे, हे कंटाळवाणं आहे पण केल्याशिवाय गत्यंतर नाही. तरी भोकाची वांगी येणार, सभासदांना ते आधीच सांगून ठेवा.

तोडणी आदल्या दिवशी संध्याकाळी फळभाजीची, पालेभाजी पहाटे. पालेभाजी धुवून निथळून ओल्या सुती कापडात गुंडाळा आणि क्रेटमध्ये सगळ्यात वर ठेवा. घरोघरी डिलिव्हरी सुरुवातीला नकोच, सोसायटीत एक जागा, एक वार, दोन तासांची वेळ, प्रत्येकाच्या दोन कापडी पिशव्या, एक घरी एक शेतावर. वार ठरवताना रस्त्याचा पण विचार करा, आमच्याकडे ज्येष्ठाच्या वद्य पक्षात माउलींची पालखी दिवे घाटातून सासवडला येते तेव्हा घाट बंद असतो, त्या आठवड्यात वार बदलायचा नाहीतर बोपदेव घाटाने जायचं हे महिनाभर आधी ग्रुपवर टाकलेलं असतं.

सर्टिफिकेटबद्दल सगळे विचारतात. सेंद्रिय अन्नाच्या 2017 च्या नियमांनुसार वर्षाला 12 लाखांच्या आत उलाढाल असलेला छोटा उत्पादक थेट खाणाऱ्याला विकत असेल तर प्रमाणपत्राची सक्ती नाही, फक्त सेंद्रिय अन्नाचा जैविक भारत हा सरकारी लोगो वापरता येत नाही. पुढे हवं असेल तर आसपासच्या निदान पाच शेतकऱ्यांचा गट करून पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांनी एकमेकांची शेतं तपासून द्यायचं प्रमाणपत्र घेता येतं, खर्च कमी लागतो. पण माझं मत विचाराल तर महिन्यातला एक रविवार शेत सभासदांना उघडं ठेवा, कोणीही यावं, खताची खोली बघावी, औषधाची बाटली आहे का ते शोधावं, फवारणीची वही वाचावी. इतका विश्वास कुठल्या कागदाने बसत नाही.

पैशांचं उघड बोलतो. 25 घरं, 450 रुपये, सुट्ट्यांचे आठवडे सोडून 46 आठवडे, म्हणजे वर्षाला 5,17,500. दोन बायका कायम कामाला, 400 रुपये रोज आणि 300 दिवस धरले तर 2,40,000 तिथे गेले, गाडीभाडं फेरीला हजार म्हणजे 46,000, बी-खत-सापळे-दुरुस्ती 70,000 धरा. उरले दीड लाखाच्या थोडे वर, त्यात तुमची स्वतःची वर्षभराची मेहनत आहे आणि ठिबक, कुंपण, शेड यांचा सुरुवातीचा खर्च वेगळाच. म्हणून पहिल्या वर्षी नोकरी सोडून येऊ नका, घरात दुसरं कोणाचं तरी उत्पन्न असू द्या. दुसऱ्या वर्षी त्याच एकरात त्याच मजुरीत 35-40 घरं बसतात आणि खरा फरक तिथे पडतो. पण घरं वाढवायची कधी, तर सलग तीन महिने प्रत्येक पिशवीत आठ प्रकार गेले आणि तरी शेतात भाजी उरली तेव्हाच, तोपर्यंत नवीन नावं वेटिंग लिस्टवर लिहून ठेवा.