परलोक न मानणाऱ्याने मृत्यूला कसे सामोरे जावे

परलोक, पुनर्जन्म किंवा अमर आत्मा यांवर विश्वास नसलेल्या माणसाला मृत्यूविषयी दिलासा मिळूच शकत नाही, असे अनेकजण गृहीत धरतात. दिलासा मिळतो, पण त्यासाठी आधी आपल्याला नेमके काय सलते आहे ते ओळखावे लागते. मरणाची भीती म्हणून आपण जे सांगतो, त्यात नाहीसे होण्याची धास्ती, मरतानाच्या वेदनांची भीती, मागे राहणाऱ्यांची काळजी आणि आपले माणूस गेल्याचे दुःख हे सारे एकमेकांत मिसळलेले असते. यांपैकी काय छळते आहे ते एका वाक्यात कागदावर लिहावे, कारण एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

नाहीसे होण्याच्या धास्तीवर ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस (इ.स.पू. ३४१–२७०) याचा युक्तिवाद आजही उपयोगी पडतो: आपण असतो तोवर मृत्यू नसतो आणि मृत्यू येतो तेव्हा आपण नसतो, त्यामुळे मृतावस्थेचा अनुभव कोणालाच येत नाही. त्याचा अनुयायी असलेल्या ल्युक्रेशियस या रोमन कवीने त्यात भर घातली, की जन्मापूर्वी उलटून गेलेल्या अनंत काळाबद्दल आपण हळहळत नाही, तर पुढच्या काळाची धास्ती का बाळगावी? एकदा वाचून हे मनात उतरत नाही. भीती दाटून येते तेव्हा आपण बहुधा अंधारात एकटे पडून असल्याची कल्पना करतो, आणि त्या कल्पनेत अंधार जाणवून घेणारे आपण शिल्लकच असतो. ही विसंगती दर वेळी शांतपणे स्वतःच्या लक्षात आणून देण्याचा सराव केला, तर भीतीची धार हळूहळू बोथट होते.

यावरचा आक्षेपही तितकाच वजनदार आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी १९७० मध्ये असे मांडले, की मृत्यू जे हिरावून घेतो त्यामुळे तो वाईट ठरतो, मग त्याचा अनुभव येवो वा न येवो. एखाद्या तरुणाच्या मृत्यूपुढे हे नाकारता येत नाही, आणि नाकारूही नये. ती रुखरुख एखाद्या अर्धवट कामाकडे किंवा न मागितलेल्या क्षमेकडे बोट दाखवत असेल, तर ते काम हाती घेण्याने जेवढे हलके वाटते, तेवढे कोणत्याही युक्तिवादाने वाटत नाही. ऊर्जा कधीच नष्ट होत नाही, हा अनेकांचा आवडता दिलासा मात्र मला लंगडा वाटतो; नियम खरा आहे, पण आपल्याला माणूस हवा असतो, त्याच्या देहातली उष्णता नव्हे.

वेदनांच्या भीतीवर माहिती हाच उपाय आहे. ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस हे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारे केंद्र सुरू केले आणि वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी औषध देण्याची पद्धत रुजवली. अशा पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या, उपचारांबद्दल डॉक्टरांना वेळेवर विचारावे. कृत्रिम श्वासोच्छ्वासासारख्या उपचारांबाबतची आपली इच्छा लिहून ठेवावी आणि विश्वासातल्या व्यक्तीला सांगावी. त्याने मागे राहणाऱ्यांवरचे ओझेही कमी होते.

आपले माणूस गेले असेल, तर शोकाचे पाच टप्पे (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार) क्रमाने पार करायचे असतात ही समजूत सोडून द्यावी. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते टप्पे मांडले, ते मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संवादांवरून. शोकाचा अभ्यास करणारे मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांचे १९९९ मधील प्रतिमान वास्तवाच्या अधिक जवळचे आहे: माणूस कधी दुःखात बुडतो, तर कधी रोजच्या कामांत गुंततो, आणि ही ये-जा निरोगी असते. म्हणून एखाद्या दिवशी हसू आले, तर अपराधी वाटून घेऊ नये. गेलेल्याचे नाव घेणे, त्याच्या गोष्टी सांगणे, त्याने शिकवलेले काम त्याच्याच पद्धतीने करणे, यासाठी परलोक मानावा लागत नाही. तीव्र शोक सहा महिन्यांहून अधिक काळ टिकून रोजचे जगणेच अडवू लागला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे.

भेटायला आलेला कोणी आत्म्याला शांती लाभो म्हणाला, तर वाद घालू नये. त्यामागचा स्नेह स्वीकारावा. लहान मुलांना मात्र स्पष्ट सांगावे, की शरीर कायमचे बंद पडले आहे आणि ती व्यक्ती परत येणार नाही. ती झोपली आहे असे सांगितल्यास काही मुले झोपायलाच घाबरू लागतात.