गाऊन आतून बघायला शिका

शिवण शिकायला लागले त्या वर्षी मी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या युरोपियन गाऊनच्या प्रेमात पडले. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, दोन्ही संग्रहालयांनी आपल्याकडचे कपडे ऑनलाइन ठेवलेत. रात्र रात्र लेस आणि बारीक टक्स (शिवून घातलेल्या घड्या) मोठे करून बघायचे, वहीत उतरवायचे. पण त्यातून शिवायला काहीच येत नव्हतं. तुम्ही नव्याने सुरुवात करत असाल, तर आधी आतली बाजू दाखवणारे फोटो शोधा.

१९०५च्या आसपासचा गाऊन छातीवर कसा सैल, झोळदार दिसतो! आत मात्र अंगाबरोबर बसणारं अस्तर असतं. त्याच्या शिवणींवर कापडी पट्ट्या, पट्ट्यांत देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक काड्या किंवा पोलादी पात्या. कमरेला आडवी मजबूत फीत. पॅरिसच्या वर्थसारख्या गाऊन शिवणाऱ्या पेढ्यांचं नाव तिच्यावरच विणलेलं असायचं. कित्येक गाऊनमध्ये एकाच काठावर हूक, कडी, हूक, कडी अशी आलटूनपालटून लावलेली दिसतात, म्हणजे ताण आला तरी सुटत नाहीत. हे पाहिलं तेव्हा मला अक्षरशः भरून आलं. जे कुणाला दिसणार नाही, तिथे एवढी हातशिलाई!

मग मांजरपाटाची चोळी शिवून पाहिली. फीत मी सगळीकडून टिपून टाकली आणि पाठीवर आडव्या चुण्या पडल्या. उसवून ती फक्त मागच्या मधल्या आणि बाजूच्या शिवणींना टाचली, पुढे मोकळी ठेवून हूक लावला. चोळी लगेच बसली. शिवणींना माया, म्हणजे शिलाईबाहेरचं जादा कापड, भरपूर ठेवा, हे उसवताना कळतं.

याच्या अगदी उलट डिझायनर मारियानो फॉर्च्युनीचा डेल्फॉस नावाचा गाऊन, व्हेनिसमधला, साधारण १९०७चा. आत काड्या नाहीत, पात्या नाहीत; रेशमाच्या बारीक चुण्याच अंगावर बसतात. कडेच्या दोरीत मुरानो बेटावरचे काचमणी ओवलेले, त्यांच्या वजनाने कापड सरळ पडतं. चुण्या नेमक्या कशा घालायच्या, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. ओल्या झाल्या की त्या सुटत, मग गाऊन परत त्याच्याकडे पाठवावा लागे. मी ओल्या रेशमाला हाताने चुण्या घालून, पीळ देऊन, सुतळीने बांधून वाळवते आहे. पहिला तुकडा तासाभरात सैल पडला. दुसरा अजून दोरीवर आहे.