मांडीची कातडी गालाला लावताना: प्लास्टिक सर्जरीत नव्याने येणाऱ्यांसाठी

रेसिडेन्सीच्या पहिल्याच वर्षी पेडण्याच्या एका मावशींच्या गालावर मी मांडीची पातळ कातडी लावली. भाजल्याची जखम होती. ग्राफ्ट छान धरला. पाचव्या दिवशी पट्टी सोडली तर गुलाबी, सपाट. कौतुकाने फोटोही काढून ठेवले. चार महिन्यांनी मावशी ओपीडीत आल्या त्या गालावर काळपट चौकोन घेऊन. म्हणाल्या, "डॉक्टरबाई, जखम होती तेव्हा लोक विचारायचे तरी. आता नुसते बघतात."

पातळ ग्राफ्ट काळवंडतो, सावळ्या वर्णात जास्तच, हे लिहून मी परीक्षेत मार्क मिळवले होते. टेबलापाशी मात्र डोळ्यांसमोर होती ती फक्त भरायची जागा.

तर, चेहऱ्याला कातडी घ्यायची ती शक्यतो गळ्याच्या हाडाच्या वरची: कानामागची, कानापुढची, मानेची, पापणीला पापणीचीच. आणि पूर्ण जाडीची. कानामागे मिळते जेमतेम, पण ती जागा सरळ टाके घालून मिटते. तेवढी पुरत नसेल तर शेजारची कातडी रक्तपुरवठ्यासकट फिरवायचा, म्हणजे फ्लॅपचा, विचार करा. नाकाला कपाळ हे जुनंच गणित. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी गाडीवानाचं नाक पुण्याकडे असंच झालं आणि १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात सचित्र छापून आलं. फ्लॅपचा देठ, म्हणजे मूळ जागेला जोडलेला, रक्त पोचवणारा भाग, आजही साधारण तीन आठवड्यांनी कापतात.

पण कपाळही डोळे मिटून घेऊ नका. एका पायलटचं (आपला भाड्याचा मोटरसायकलवाला) नाक करायचं होतं. हेल्मेट काढलं तर कपाळ उजळ, नाक रापलेलं. काही महिने नाक गोरं दिसेल, असं त्याला आधीच सांगितलं. "चालेल, भाडं वाढवतो," म्हणाला.

रंग ऑपरेशन थिएटरात ठरवायचा नाही. अॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं की कातडी पांढरी पडते, त्यावर बीटाडीनचा तपकिरी थर, वर दिव्याचा झोत. आदल्या दिवशी पेशंटला व्हरांड्यात उजेडाला बसवा, मानेची कातडी गालाशी ताडून बघा, फ्लॅश बंद ठेवून फोटो घ्या. मी हे सकाळी दहाच्या सुमारास उरकते. संध्याकाळच्या तांबूस उन्हात सगळेच गुलाबी दिसतात.

नंतर सहा महिने ते वर्षभर ऊन सांभाळायचं. किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन लिहून द्याच, पण मासळी घेऊन उघड्यावर बसणाऱ्या बाईला नुसती ट्यूब देऊन काय होणार? त्या मावशींना मी उन्हाचं काहीच सांगितलं नव्हतं. आता पहिल्याच भेटीत विचारते: बाजारात बसता कुठे, आणि ऊन कोणत्या गालावर येतं?